जी निवडणुकीला उभीच नव्हती

दिवाळीच्या दिवसांत फराळाचे ताट पुढे ठेवून मरणाची गोष्ट काढू नये, असे माझी आजी म्हणत असे. तिचा तो दंडक आज मी मोडणार आहे. पण गोष्ट नुसती मरणाची नाही. एका संसाराची आहे, आणि घराचा उंबरठा ओलांडून चार लोक आत शिरले म्हणजे संसाराचे काय होते, याची आहे. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि लेकीसुनांनी ती मिळूनच वाचावी.

आम्हा शिक्षकांच्या नशिबी वर्गाखेरीज दोन कामे हमखास लिहिलेली असतात: एक शिरगणती आणि दुसरे निवडणूक. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवर माझी नेमणूक झाली. येणाऱ्या मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावायची, एवढेच माझे काम. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुक्कामाला पोहोचलो, तेव्हा शाळेजवळच्या भिंतीवर एक पत्रक डकवलेले दिसले. खाली ना छापणाऱ्याचे नाव, ना काढणाऱ्याचे. मजकूर मात्र ठसठशीत. एका उमेदवाराच्या बायकोचे ते दुसरे लग्न होते. तेव्हा पहिल्या नवऱ्याशी काडीमोड आधी झाला की पाट आधी लागला, याचा जाब गावाने विचारावा, असा त्यातला सवाल. आमच्या केंद्राध्यक्षांनी ते पत्रक ताबडतोब काढून टाकवले. पण गावाने ते केव्हाच वाचून पाठ केले होते.

दुसऱ्या दिवशी बायकांच्या रांगेत ती आली. तिच्या नावाचा पुकारा होताच रांगेतली कुजबुज एकदम थांबली, आणि त्या शांततेवरूनच मी तिला ओळखले. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर जमिनीला खिळलेली. मी बोट धरले तो हात गार पडलेला आणि थरथरत होता. शाईची रेघ वाकडी गेली. मी दिलगिरीने काही पुटपुटले, तशी ती म्हणाली, "असू द्या बाई," आणि मत द्यायला आत गेली.

परतीच्या एस. टी.त मला सारखी आठवण येत होती ती रेचल जॅक्सनची. मी काही संशोधक नव्हे; शाळेत इतिहास शिकवणारी आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारी बाई. पण अमेरिकेच्या सातव्या अध्यक्षाच्या या बायकोची हकीकत मी पूर्वी वाचली होती, आणि काडीमोड आधी की लग्न आधी, हा त्या भिंतीवरचा सवाल जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या देशाने तिला विचारला होता.

रेचल डोनेल्सन १७६७ साली व्हर्जिनियात जन्मली. अकरा भावंडांचे मोठे खटले. ती बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी, कर्नल जॉन डोनेल्सन यांनी, पश्चिमेकडच्या नव्या मुलुखात वस्ती करायचे ठरवले. २२ डिसेंबर १७७९ रोजी बायकामुले आणि किडुकमिडुक होड्यांत भरून तो तांडा नदीने निघाला. कडाक्याची थंडी, खडकाळ प्रवाह, देवीची साथ आणि काठावरून होणारे हल्ले सोसत, चार महिन्यांनी तो आजच्या नॅशव्हिलच्या जागी पोहोचला. ही मुलगी त्यातून तावूनसुलाखून निघाली. लिहिणेवाचणे बेताचे, पण घोड्यावर मांड पक्की, बोलणे मोकळे आणि हसणे खळखळून. हे मोकळेपणच पुढे तिला भोवले.

१७८५ साली केंटकी भागातल्या ल्यूइस रोबर्ड्झशी तिचे लग्न झाले. नवरा संशयी निघाला. बायको कोणाशी चार शब्द बोलली की त्याच्या मनात पाल चुकचुके. अखेर ती माहेरी परतली. वडील तोवर मारले गेले होते. आई नॅशव्हिलजवळ घर सांभाळून होती आणि सोबतीला काही तरुण वकील भाडेकरू म्हणून ठेवले होते. त्यांतला एक अँड्र्यू जॅक्सन. रेचलच्याच वयाचा, काटकुळा, तापट आणि जगात कोणी जवळचे न उरलेला. दुसरा जॉन ओव्हर्टन. या ओव्हर्टनची साक्ष पुढे कामी यायची आहे.

रोबर्ड्झ समेटासाठी आला, पुन्हा भांडला, पुन्हा गेला. तो आपल्याला जबरीने घेऊन जाईल या धास्तीने रेचल दूर दक्षिणेला, स्पेनच्या अमलाखालच्या नॅचेझला निघाली, आणि वाटेतल्या सोबतीला जॅक्सन गेला. तेवढ्यात बातमी आली की व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने रोबर्ड्झला काडीमोड दिला. दोघांच्या सांगण्याप्रमाणे १७९१ साली त्यांनी नॅचेझला लग्न केले आणि नॅशव्हिलला येऊन संसार मांडला.

घोटाळा येथेच झाला. डिसेंबर १७९० मध्ये विधिमंडळाने दिला होता तो काडीमोड नव्हताच. कोर्टात जाऊन ज्युरीपुढे काडीमोड मागण्याची ती नुसती परवानगी होती. रोबर्ड्झने कोर्ट गाठले ते दोन वर्षांहून अधिक काळाने. सप्टेंबर १७९३ मध्ये निकाल लागला: पत्नी नवऱ्याला सोडून परपुरुषाबरोबर राहते, सबब काडीमोड मंजूर. हे कळल्यावर ओव्हर्टनने पुन्हा लग्न लावून घ्यायचा सल्ला दिला. आपले लग्न झालेलेच आहे, असे म्हणून जॅक्सन आधी बधेना, असे ओव्हर्टनने लिहून ठेवले आहे. शेवटी जानेवारी १७९४ मध्ये त्यांनी पुन्हा रीतसर लग्न केले.

नॅचेझच्या त्या पहिल्या लग्नाचा दाखला आजवर सापडलेला नाही, आणि दोघांनी जाणूनबुजून कायद्याची वाट न पाहता संसार थाटला असावा, असे मानणारे इतिहासकारही आहेत. क्षणभर तसेच धरले, तरी कोणाचे काय बिघडले होते? सरहद्दीवरच्या त्या मुलुखात कोर्ट शेकडो मैलांवर, टपाल महिनोन्‌महिने वाटेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या जोडप्याला नवराबायको म्हणून केव्हाच पत्करले होते. कागद मागे राहिला होता, माणसे पुढे गेली होती, एवढेच.

पुढची तीस-पस्तीस वर्षे त्यांचा संसार दृष्ट लागावी असा झाला. पोटी मूल नव्हते. रेचलच्या भावाचा एक मुलगा त्यांनी दत्तक घेतला. १८१३ च्या लढाईत अनाथ झालेला क्रीक जमातीचा लिंकोया नावाचा तान्हा मुलगा वाढवला. शिवाय भाचे-पुतणे यांचा राबता असेच. रेचल वयाबरोबर जाड झाली, देवाधर्माकडे वळली. जेवण झाल्यावर चूल-शेगडीशी बसून ती चिलीम ओढी, नवराही शेजारी तेच करी. आपल्याकडच्या एखाद्या वाड्यातली मायाळू, भाबडी काकू डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती तुम्हाला दिसेल.

जॅक्सन मात्र बायकोच्या नावाला कोणी बोट लावले की पेटून उठे. चार्ल्स डिकिन्सन नावाच्या तरुणाशी घोड्यांच्या शर्यतीवरून तंटा झाला, त्यात रेचलबद्दल तो काहीबाही बोलल्याचे जॅक्सनच्या कानी आले. ३० मे १८०६ रोजी दोघांनी समोरासमोर पिस्तुले रोखली. डिकिन्सनची गोळी जॅक्सनच्या छातीत घुसली. जॅक्सन तसाच ताठ उभा राहिला, नेम धरला आणि त्याला ठार केले. ती गोळी काळजाशेजारी जन्मभर राहिली. पण एका तोंडाला गोळीने गप्प करता आले, म्हणून छापखान्यालाही करता येईल असे थोडेच आहे!

१८१५ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांचा पराभव करून जॅक्सन राष्ट्रवीर झाला. १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत चार उमेदवार होते. त्याला सर्वाधिक, ९९ निर्वाचक मते पडली. जॉन क्विन्सी अॅडम्सला ८४. स्पष्ट बहुमत कोणालाच नसल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे हेन्री क्लेचे वजन अॅडम्सच्या पारड्यात पडले, अॅडम्स अध्यक्ष झाला, आणि त्याने क्लेला परराष्ट्रमंत्री केले. हा उघड सौदा आहे, असा जॅक्सनच्या माणसांनी गिल्ला केला, आणि पुढच्या निवडणुकीची लढाई त्याच दिवशी सुरू झाली.

आता कोणी विचारील, की इतक्या मोठ्या राजकारणात चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न कुठून आले? त्याचे कारण मतदारांत होते. मालमत्तेची अट राज्याराज्यांतून निघत चालली होती. दोन राज्ये सोडून सर्वत्र अध्यक्षाचे निर्वाचक लोकच निवडू लागले होते. १८२४ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मते पडली होती, ती १८२८ मध्ये साडेअकरा लाखांच्या घरात गेली. या नव्या मतदाराला जकातीचे दर आणि बँकेचे व्यवहार समजावून सांगणे किचकट. पण घरातली भानगड कोणालाही समजते. शिवाय वर्तमानपत्रे बहुतेक कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या दावणीला बांधलेली.

सिनसिनाटी गॅझेटचा संपादक चार्ल्स हॅमंड याने १८२७ साली ते जुने कोर्टाचे कागद उकरून काढले. व्यभिचारी ठरलेली बाई आणि तिला ठेवणारा पुरुष यांना या धर्मशील देशाच्या सर्वोच्च आसनावर बसवायचे काय, अशा आशयाचा प्रश्न त्याने वाचकांपुढे टाकला. ज्याला घरचा कायदा पाळता आला नाही तो देशाचा काय पाळणार, असा त्यामागचा युक्तिवाद. जॅक्सनच्या मेलेल्या आईलाही त्याने सोडले नाही. तिच्याबद्दल त्याने लिहिले ते मी येथे लिहू शकत नाही. नॅशव्हिलला ओव्हर्टनच्या पुढाकाराने समिती बसली, साक्षीदारांचे जबाब गोळा झाले, आणि रेचल निर्दोष असल्याचे पुस्तक छापले गेले. हेतू चांगला होता. पण बघा, साठीची एक बाई निर्दोष असल्याचे पुरावे देशभर छापून वाटावे लागणे, हीसुद्धा विटंबनाच नव्हे काय?

आणि जॅक्सनचे लोक काही धुतल्या तांदळाचे नव्हते. अॅडम्स पूर्वी रशियात वकील होता. तिथे त्याने एका अमेरिकन दासीला झारच्या हवाली केले, अशी कंडी त्यांनी पिकवली. त्याची बायको लुइझा लंडनमध्ये जन्मली म्हणून ती परकी, आणि लग्नाआधीपासूनच दोघांचे नको ते संबंध होते, असेही छापून आले. हे छापणाऱ्या डफ ग्रीनला जॅक्सनने लिहिले, की बायकांच्या चारित्र्याला हात घालू नये. मात्र आमच्या घरावरचे हल्ले थांबले नाहीत तर जशास तसे करावे लागेल. म्हणजे तत्त्व ठाऊक होते. पण त्याला परंतुकाचे शेपूट होते. लुइझानेही या निवडणुकीला उभी राहण्याचा अर्ज भरला नव्हता.

रेचलपासून हे सारे लपवण्याची जॅक्सनने पराकाष्ठा केली. तरी तिच्यापर्यंत काही ना काही पोहोचतच असे. त्याच १८२८ च्या जूनमध्ये लिंकोया क्षयाने गेला. वर्षअखेरीस निकाल आला: जॅक्सनला १७८ निर्वाचक मते, अॅडम्सला ८३. नॅशव्हिलला जल्लोष झाला. रेचलला आनंद झाला तो नवऱ्यासाठी. त्या राजवाड्यात राहण्यापेक्षा देवाच्या दारी राखण केलेली बरी, अशा अर्थाचे उद्‌गार तिने काढल्याचे सांगतात. नव्या पदाला साजेशी वस्त्रे घ्यायला ती नॅशव्हिलला गेली असता तिच्या बचावाचेच एक पत्रक तिच्या हाती पडले आणि आपल्याबद्दल काय काय बोलले गेले ते तिला प्रथमच समग्र कळले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, डिसेंबरच्या मध्याला तिचे हृदय कोलमडले. २३ तारखेला गावाने विजयाची मेजवानी योजली होती. २२ डिसेंबरच्या रात्री रेचल गेली. एकोणपन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला ती बापाबरोबर होडीत बसली होती.

ती खरोखर गेली हे जॅक्सनला पटेना. रात्रभर तो तिच्या उशाशी बसून होता, असे सांगतात. अध्यक्षपदाच्या समारंभासाठी घेतलेल्या पांढऱ्या झग्यातच तिला ख्रिसमसच्या आदल्या दिवशी हर्मिटेजच्या बागेत पुरले. हजारो लोक लोटले होते. निंदेने तिला घायाळ केले, कलंकित मात्र करता आले नाही, असे तिच्या समाधीवर कोरलेले आहे. ४ मार्च १८२९ रोजी जॅक्सनने शपथ घेतली ती काळ्या कपड्यांत, आणि १८४५ मध्ये मरेपर्यंत त्याने तिच्या निंदकांना क्षमा केली नाही.

ही जखम घेऊन तो राज्य करायला बसला, आणि लगेच तसाच प्रसंग आला. त्याचा युद्धमंत्री जॉन ईटन याने पेगी नावाच्या विधवेशी नुकतेच लग्न केले होते. उपाध्यक्ष कॅलहून याची पत्नी आणि इतर मंत्र्यांच्या बायका तिच्या घरची पायरी चढेनात. जॅक्सनला पेगीच्या जागी रेचल दिसू लागली. तिची बाजू घेता घेता त्याने घरची यजमानीण असलेल्या भाचसुनेला, एमिलीला, काही काळ टेनेसीला धाडले आणि १८३१ मध्ये जवळजवळ सगळे मंत्रिमंडळ बदलले. विधुर असल्याने पेगीकडे निःशंक जाऊ-येऊ शकणारा व्हॅन ब्यूरेन त्याच्या मर्जीत बसला आणि पुढे अध्यक्ष झाला. घरातली गोष्ट राजकारणात ओढली, की तिला परत घरात घालता येत नाही.

पण जॅक्सनला देवमाणूस करायचा माझा विचार नाही. हर्मिटेजवर शंभराच्या आसपास गुलाम राबत होते. शेवटच्या घटकेला रेचलजवळ असलेली हॅना हीही गुलामच. १८३० साली याच जॅक्सनने इंडियन जमातींना त्यांच्या भूमीवरून हलवण्याच्या कायद्यावर सही केली, आणि पुढे त्या वाटेवर हजारो माणसे थंडीने, उपासाने, रोगाने मेली. १८२८ च्या मतदाराने त्याला जाब विचारायला हवा होता तो याचा. गुलामांच्या व्यवहारावर थोडेफार लिहिले गेलेही; पण लग्नाच्या तारखेवर जी शाई सांडली तिच्यापुढे ते काहीच नाही. चारित्र्याच्या नावाने ओरड झाली, आणि ज्याला खरोखर चारित्र्य म्हणायचे त्याची परीक्षा राहूनच गेली.

मग उमेदवाराच्या घरात कधी डोकावूच नये काय? इतका सोपा निवाडा मला देता येत नाही. १८८४ साली ग्रोव्हर क्लीव्हलँड अध्यक्षपदाला उभा असताना मराया हॅल्पिन या विधवेपासून त्याला मुलगा असल्याचे एका बफेलोच्या पत्राने छापले. खरे तेच सांगा, असे त्याने मित्रांना कळवले, आणि त्याच्या सरळपणाची वाहवा झाली. प्रतिस्पर्धी ब्लेन याच्या लग्नाच्या तारखेचे कागद हाती आले तेव्हा त्याने ते फाडून जाळले, हेही त्याला शोभले. तो निवडून आला. पण मरायाचे मूल तिच्यापासून नेले गेले होते, तिला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात टाकले होते, आणि आपल्यावर बळजबरी झाली असे तिच्या नावचे शपथपत्र त्या वेळी छापून आले होते. क्लीव्हलँडने ते नाकारले. ही गोष्ट खाजगी म्हणून झाकून ठेवा, असे मी म्हणणार नाही. एखाद्यावर अन्याय झाल्याची ती तक्रार होती, आणि तक्रार करणारी बाई बोलत होती. खेद याचा, की ज्यांनी तिचे नाव वापरले त्यांनाही तिच्याशी काही देणेघेणे नव्हते.

माझ्यापुरती मी कसोटी लावते ती अशी: बोभाटा होतो आहे तो घरात कोणावर जुलूम झाला म्हणून, की घरच्या माणसाला रडवले म्हणजे उमेदवार पडेल म्हणून? पहिली गोष्ट लोकांची आहे. दुसरी लोकांची नाही. रेचलवर जॅक्सनने जुलूम केला असे तिच्या वैऱ्यांनीही म्हटले नव्हते.

काळ थोडा तरी पुढे सरकतो. १८८८ मध्ये क्लीव्हलँड पुन्हा उभा राहिला, तेव्हा तो आपल्या तरुण पत्नीला मारतो अशी आवई उठली. या वेळी फ्रान्सिसने स्वतः पत्र लिहून ती धादांत खोटी असल्याचे सांगितले, आणि ते पत्र प्रसिद्ध झाले. साठ वर्षांत एवढे झाले, की जिच्याबद्दल बोलत होते ती स्वतः बोलली. आपल्याकडेही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे छापणे हा भ्रष्टाचार ठरवला आहे, आणि सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी जीवनावर टीका करू नये असे आचारसंहिताही सांगते. मात्र कायद्याचे ते कलम उमेदवाराचे नाव घेते. त्याच्या बायकोचे काय, हे आपल्या शहाणपणावर सोपवलेले आहे.

त्या खेड्यातला उमेदवार निवडून आला. गुलाल उधळला, ताशे वाजले. पुढे त्या गावची एक मुलगी माझ्या वर्गात आली, तिला मी सहज विचारले. ती म्हणाली, "बाई, त्या काकू मिरवणुकीला बाहेर आल्याच नाहीत. आता हळदीकुंकवालासुद्धा कुठे जात नाहीत."

बोटावरची शाई काही आठवड्यांनी निघून जाते. त्या भिंतीवरची निघाली नव्हती. पुढच्या खेपेस असे एखादे पत्रक तुमच्या हाती आले, तर वाचण्याआधी एवढेच पाहा, की त्यात जिचे नाव आहे ती निवडणुकीला उभी आहे का. नसेल, तर ते चुलीत घाला. आणि दिवाळीचे दिवस आहेत, तिच्या घरी फराळाचे ताट घेऊन जा.